खुंट्यावरचा दुसरा हात

माझी एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशेपानी. तीत रोजच्या तारखेपुढे मी साधनेच्या खुणा करायचे. हरिपाठ झाला की एक खूण, पोथीच्या दहा ओव्या झाल्या की दुसरी, आणि जपाच्या माळा किती झाल्या तो आकडा. माहेर लोणंदचं. घर वारकऱ्यांचं. बाराव्या वर्षी मी तुळशीची माळ घातली. लग्न होऊन सासवडला आले तेव्हा पितळी समई आणि ती वही, एवढं मी स्वतःच्या हातानं ट्रंकेत ठेवलं होतं.

पहाटे साडेचारला उठायचं, आंघोळ करून देवापुढे बसायचं. हरिपाठाचे २७ अभंग म्हणायला मला अर्धा तास लागायचा. थोरलीच्या वेळी मी सहा महिने माहेरी राहिले. आईनं बाळाला सांभाळलं आणि मी पुन्हा पहाटे बसायला लागले. मला वाटायचं, हे माझ्या निष्ठेमुळे जमलं. आईच्या जागरणांमुळे जमलं हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

धाकटा नोव्हेंबर २०१९ मध्ये झाला. त्या वर्षी आई स्वतःच आजारी होती, म्हणून बाळंतपण सासवडलाच झालं. हे जेजुरीच्या एमआयडीसीत पाळीनं कामाला जातात. आठवडाभर रात्रपाळी, आठवडाभर दिवसपाळी. घरात सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते. आणि चार वर्षांची थोरली.

आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना देवघरात जात नाही. देवाला हात लावायचा नाही, समई लावायची नाही. मला ते फार लागलं. ज्या दिवसांत देवाजवळ बसायची सगळ्यात जास्त गरज, नेमकी त्याच दिवसांत ताटातूट. बाळंतपणानं बाईला विटाळ होतो असं मी आज मानत नाही. पुढे धाकट्या जाऊबाईंचं बाळंतपण आमच्या घरी झालं, तेव्हा बाराव्या दिवशी मीच त्यांच्या हातून समई लावून घेतली, आणि आत्या काही बोलल्या नाहीत. पण एक गोष्ट मला उशिरा कळली. त्याच सव्वा महिन्यात मला ओट्याशीही कुणी उभं राहू देत नव्हतं. डिंकाचे लाडू, शेक, तेल, सगळं हातात येत होतं. ते घेताना मी रोज मनात म्हणायचे, कधी एकदा हे संपतंय आणि माझं मी करायला लागतेय. घेताना मला अपराध्यासारखं वाटायचं.

सव्वा महिना संपला. मी पहाटे उठून बसले. पहिल्या अभंगाच्या दुसऱ्या चरणाला झोप लागली, आणि जाग आली तेव्हा कपाळ चौरंगावर टेकलं होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी बाळानं रात्री सहा वेळा उठवलं, मी देवापुढे गेलेच नाही. वहीत तारीख लिहिली आणि पुढे काहीच नाही. अशी तारखांची रिकामी पानं वाढत गेली. ती पानं मला शिक्षेसारखी वाटायची. आपल्यावरची कृपा काढून घेतली गेली, असं मी खरोखर मानायला लागले होते.

ज्याला कोरडेपणा म्हणतात तो तेव्हा मी पाहिला. विठ्ठलाचं नाव घेतलं की आतून काहीच हलायचं नाही. बाळ रडलं की मात्र रागाची एक तिडीक मस्तकात जायची. मी उभ्यानं जेवायचे, ओट्यापाशी, एका हातात बाळ. कधी जेवण अर्ध्यात राहायचं आणि संध्याकाळी ताटलीतला भात वाळून गेलेला सापडायचा.

आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्यसेविका, घरभेटीला यायच्या. दवाखान्यात बाळंतपण झालेलं असलं तरी ४२ दिवसांपर्यंत सहा वेळा त्या येतात, बाळाचं वजन करतात, ताप बघतात. शेवटच्या भेटीत, ४२व्या दिवशी, बाळाला काट्यावरून उतरवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही शेवटचं कधी हसला?" मला आठवेना. त्यांनी आत्यांना बाहेर बोलावून काही सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर होतो.

त्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद दिला. मागच्या ७ दिवसांत कसं वाटलं, एवढंच त्यात विचारलेलं असतं. हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देता का, इतकं उदास वाटतं का की झोपच लागत नाही. शेवटच्या, दहाव्या प्रश्नाशी मी अडखळले. तो स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो. मी लेखणी खाली ठेवली आणि रडायला लागले. हे मी इथे मुद्दाम लिहितेय. त्या प्रश्नाशी तुमचं मन अडखळत असेल तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. आता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तेव्हा तो नव्हता.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.१. बाईचं ते निदान १२ तरी हवं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. मनासाठी औषध मिळालं, आणि काही आठवडे समुपदेशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं रक्तही कमी आहे आणि मनही आजारी पडलंय. दोन्हीला औषध आहे." मी विचारलं, "आणि माझा नेम?" त्या स्वतः वारकरी घरातल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तो तुमचा तुम्ही बघा, पण गोळी चुकवायची नाही."

औषधानं हळूहळू गुण आला. सहा-सात आठवड्यांत जिना चढताना धाप लागेनाशी झाली. जी अवस्था मी देवाचा रुसवा समजत होते, तिचा बराचसा भाग रक्तातल्या लोहाचा होता. हे कळल्यावर मला हलकं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. पण सगळं काही गोळीनं भरून आलं नाही. शरीर उभं राहिलं तेव्हा दिसलं की आत एक गाठ आहे, आणि ती आजाराच्या आधीपासूनची आहे.

ती दिसली एका दुपारी. मार्च महिना, धाकट्याला पोटशूळ, दीड तास खांद्यावर घेऊन फिरल्यावर तो कसाबसा झोपलेला. थोरलीनं डब्यांची दोन झाकणं घेतली, त्यांचे टाळ केले आणि आत येऊन मोठ्यानं "ज्ञानोबा माउली तुकाराम" सुरू केलं, पावली खेळत. बाळ दचकून उठलं. मी वळले आणि तिच्या गालात मारली. झाकण फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. ती रडली नाही. तिनं दोन्ही झाकणं उचलली, डब्यांना लावली आणि म्हणाली, "आता नाही म्हणणार."

ज्या नामासाठी मी वह्या भरल्या, ते नाम पोरीच्या तोंडून आलं आणि मी तिला मारलं. त्या रात्री मला माझ्या साधनेचा हिशोब कळला. माझी भक्ती शांत घरात, आंघोळ करून, दुसऱ्या कुणीतरी बाळ धरलेलं असताना चालणारी होती. रात्री उशिरा मी तिच्या उशाशी बसले. ती झोपलेली. मी तिचे पाय धरले. सकाळी जागेपणी पुन्हा माफी मागितली, गुडघ्यावर बसून, तिच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन. आईनं लेकराची माफी मागायची ही आमच्या घरात रीत नव्हती. आत्या दारात उभ्या होत्या. त्या गप्प राहिल्या.

मग टाळेबंदी आली. आमच्या आळीतली गिरणी काही दिवस बंद होती, म्हणून आत्यांनी माळ्यावरून जातं उतरवून घेतलं. लग्नातल्या हळदीखेरीज ते मी कधी फिरताना बघितलं नव्हतं. ज्वारी दळायची होती. पहिल्या दिवशी आत्या भाजी निवडत होत्या तेवढ्यात मी एकटीच बसले आणि जोर लावून ओढायला लागले. पंधरा-वीस फेऱ्यांत खांदा भरून आला. आत्या आल्या, समोर बसल्या, आणि खुंट्यावर माझ्या हाताच्या वर त्यांनी हात ठेवला.

"आगं, वढती कशाला? हात नुसता ठिव. मी फिरवते, तू दम खा. मग तू फिरव, मी दम खाते."

दोघी समोरासमोर बसलं की जातं असं चालतं. एक ओढते तेव्हा दुसरीचा हात खुंट्यावरच असतो, पण तो विसावलेला असतो. हात काढून घ्यायचा नाही, लय तुटते. मूठभर वैरण, म्हणजे दळायचं धान्य, जात्याच्या तोंडात घालायची, वरची पाळू फिरत राहते, कडेनं पीठ पडत राहतं. धाकटा त्या घरघरीत झोपला. इतके दिवस घरात टाचणीचाही आवाज होऊ नये म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होते, आणि हा जात्याच्या आवाजात तीन तास गाढ झोपला. आत्या ओव्या म्हणायला लागल्या. त्यांना शेकड्यानं पाठ आहेत हे मला लग्नानंतर सात वर्षांनी कळलं.

माझा हात खुंट्यावर विसावला होता आणि एकदम जनाबाई आठवली.

गंगाखेडची जनी, पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी. विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागायचा, तिच्याबरोबर शेण्या वेचायचा, ही कथा मी दुधाबरोबर प्यायलेली. गोपाळपूरला तिचं म्हणून जातं दाखवतात, त्याला हात लावून मी नमस्कारही केलाय. आजवर कीर्तनात ऐकलेला अर्थ असा, की बघा, जनीची भक्ती केवढी, काम करता करता देव भेटला. आणि त्याचा मला छळच वाटायचा. म्हणजे तेवढं काम करून वर भक्तीही पाहिजे.

त्या दुपारी मला त्या कथेतली दुसरी बाजू दिसली. देव दळायला बसला तेव्हा जनीनं त्याला बसू दिलं. "छे छे, तुम्ही कशाला, मी करते ना" असं ती म्हणाली नाही. देवाला दळू देणं सोपं नाही. आपलं जड आहे, आपल्याच्यानं एकटीच्यानं होत नाही, हे त्याच्यासमोर उघडं करावं लागतं. मी आयुष्यभर देवापुढे काहीतरी घेऊन गेले होते. माळांचा आकडा, अभंगांची संख्या, उपास. रिकाम्या हातानं, दमून, मदत मागायला एकदाही गेले नव्हते. देवापुढे गेले नव्हते आणि माणसांपुढेही नाही. आशाताईंनी बघितलं नसतं तर मी कुणालाच सांगितलं नसतं.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात कित्येक महिने सलत होती. आपल्याकडे देवाला आई म्हणतात. विठाई, ज्ञानोबा माउली. लेकरू हाक मारतं आणि आई धावत येते. आई झाल्यावर हे सगळं मला दुसऱ्या टोकानं ऐकू यायला लागलं होतं. हाक कुणीही मारो, रात्री उठून धावायचं मीच. मग माउली माउली ऐकलं की माझा जीव घाबरायचा. जात्यापाशी बसले असताना पहिल्यांदा वाटलं की हाक मारणारी मीही असू शकते. आई झाल्यानं माझं लेकरूपण काही संपलेलं नाही.

वाटणं आणि वागणं यांत खूप अंतर असतं. ते कापायला मला दोन वर्षं लागली.

पहिलं म्हणजे एकादशी. अंगावर पाजत असताना मी उपास करू नये असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, आणि उपास सोडल्याची मला टोचणी होती. मी ठरवलं, एकादशीला अन्न सोडायचं नाही, त्याऐवजी एका माणसाकडे एक मदत तोंड उघडून मागायची. महिन्यात दोन एकादश्या, म्हणजे दोनदा. ऐकायला सोपं वाटतं. माझ्यासाठी निर्जळीपेक्षा कठीण होतं. पहिल्या एकादशीला ह्यांना म्हटलं, दिवसपाळीच्या आठवड्यात रात्री नऊ ते एक बाळाला तुम्ही बघा, मी दूध काढून ठेवते, वाटी-चमच्यानं पाजा. बोलताना घसा कोरडा पडला. ते म्हणाले, "मला वाटायचं तुला चालणार नाही." माझ्यासारखे तेही दोन महिने दाराबाहेरच उभे होते. त्या रात्री मी सलग चार तास झोपले. सकाळी उठले तेव्हा मोगऱ्याचा वास आला. झाड दारात होतंच.

मागितलेलं दरवेळी मिळालं नाही. एकदा एका नातेवाईक बाईंना म्हटलं, थोरलीला दुपारी तासभर तुमच्याकडे ठेवाल का. त्यांनी सरळ नाही म्हटलं. मी दोन दिवस त्या नकारात जळले. पण हळूहळू तेही शिकले. मागणं माझं, देणं त्यांचं. नकार आला म्हणजे मी नालायक, असं नाही. हे मला कुठल्याच पोथीनं इतकं स्पष्ट शिकवलं नव्हतं.

दुसरं, वही. ती मी फाडली नाही. कोऱ्या पानांवर दुधाचा हिशोब लिहायला घेतली. जप मोजणं थांबवलं. रात्री पाजताना बाळ घोट घेतं, थांबतं, पुन्हा घेतं. त्या घोटाबरोबर मी एकेक नाम घ्यायला लागले. मध्येच झोप लागायची, लागू द्यायची. पूर्वी झोप लागली की जप मोडला असं वाटायचं. आता वाटायचं, आईच्या कुशीत झोप लागली तर काय मोडलं?

तिसरं, हरिपाठ. पूर्ण म्हणायचा हट्ट सोडला. दिवेलागणीला एकच अभंग, थोरलीला घेऊन. पण तिनं तोंड उघडायला नकार दिला. "आता नाही म्हणणार" हे तिनं खरं केलं होतं. मी जबरदस्ती केली नाही. ती शेजारी बसायची, वातीकडे बघायची. तिची झाकणं मी रोज चौरंगाजवळ ठेवायचे. ३० जून २०२० ला माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, पायी वारी नाही. आम्ही घरात टीव्हीसमोर बसलो होतो. सासवडचा पालखीतळ त्या वर्षी ओसाड होता. आत्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थोरली उठली, चौरंगाजवळची झाकणं घेतली आणि हळूच, कुणी रागावतंय का ते बघत, एकदा वाजवली. मग पुन्हा. धाकटा मांडीवर जागाच होता. तो त्या आवाजाकडे वळला आणि हसला.

हे सगळं लिहिताना क्रम लागल्यासारखा दिसतो, पण तसं नव्हतं. मध्ये कितीतरी आठवडे मी पुन्हा तीच. कुणाला काही न सांगता राबायचं, आणि मग कुढायचं. २०२१ च्या उन्हाळ्यात घरात तिघांना करोना झाला तेव्हा नाम, एकादशी, काही उरलं नव्हतं. नुसती वाफ, ऑक्सिजनचा आकडा आणि पेज. त्या दिवसांबद्दल अध्यात्म म्हणून सांगावं असं माझ्याकडे काही नाही. आम्ही वाचलो.

जून २०२२ मध्ये वारी परत आली. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते आणि इथे दोन मुक्काम करते. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एका दिंडीचं दुपारचं जेवण असतं. त्या वर्षी चाळीस पानं. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. आत्यांचे गुडघे गेलेले, हे पाळीवर, धाकटा अडीच वर्षांचा, रात्रभर तापलेला. मी पहाटे तीनपासून भाकऱ्या थापत होते. वारकऱ्याला कामाला लावायचं नसतं, त्याचे पाय धुवायचे असतात. हे मी लोणंदला वडिलांकडून शिकलेले. नीरेत पादुकांचं स्नान झालं की पालखी लोणंदला यायची, आणि वडील अंगणात परात घेऊन बसायचे.

अकराच्या सुमाराला दिंडीतली एक बाई आत आली. लातूरकडची, साठीची, पायांना भेगा. माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग डोक्यावरचा पदर खोचला, हात धुतले आणि म्हणाली, "माउली, सरका जरा."

वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात. रोज हजार वेळा कानावर पडणारा शब्द. पण तिनं तो माझ्याकडे बघून म्हटला आणि पहिल्यांदा तो ऐकून माझा जीव घाबरला नाही.

"तुम्ही चालून आलात," मी म्हणायला लागले. पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. राहू द्या, मी करते. ते मी गिळलं. मी सरकले.

तिनं काटवट ओढून घेतली. तिची भाकरी माझ्यापेक्षा मोठी आणि पातळ, एका हातावर फिरणारी. दुसरी एक बाई धाकट्याला उचलून पडवीत गेली. थोरली तिच्या मागे गेली. मी भिंतीला टेकून बसले, आणि बाहेर टाळ वाजत असताना, चाळीस माणसांचा स्वयंपाक चालू असताना, तिथेच झोपले. जाग आली ती बाहेर पंगत बसल्याच्या आवाजानं. अंगावर कुणीतरी आपली घोंगडी घातली होती. पडवीतून थोरलीचा आवाज येत होता. दिंडीतल्या एका आजोबांनी तिच्या हातात खरे टाळ दिले होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे पालखी जेजुरीच्या वाटेला लागली. त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. स्वयंपाकघरात तिनं थापलेल्या तीन भाकऱ्या फडक्यात उरल्या होत्या, कडक झालेल्या. दोन मी पोरांना दुधात कुस्करून दिल्या. तिसरी ताटात घेतली, ठेच्याबरोबर, आणि पाट मांडून, बसून खाल्ली.